जेम्स क्लार्क मॅक्सवेल

वैशाख लागला की रत्नागिरीकडील घराघरांतून आंब्यांची अढी घातलेली दिसते. माजघरात किंवा माळ्यावर गवत पसरतात, त्यावर हापूस आंबे ओळीने मांडतात आणि वर पुन्हा गवताचा थर देतात. काही दिवसांनी अढी उघडली म्हणजे पिकल्या आंब्यांचा सुवास दरवळू लागतो. वारा पडलेला असेल तर तो वास आधी माजघरात भरतो, मग सावकाश ओटीवर येतो आणि बऱ्याच वेळाने अंगणात खेळणाऱ्या मुलांना त्याची चाहूल लागते.

वास म्हणजे आंब्यातून सुटलेले वायुरूप रेणू. वायूचे रेणू स्वस्थ बसत नाहीत. ते एका सेकंदात शेकडो मीटर धावतात, असे रुडॉल्फ क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञाने १८५७ साली हिशेबाने दाखविले. त्यावर हॉलंडमधील एका शास्त्रज्ञाने शंका काढली. रेणू इतके वेगवान असतील, तर खोलीच्या एका कोपऱ्यातील वास दुसऱ्या कोपऱ्यात तत्काळ का पोहोचत नाही? पुढल्याच वर्षी क्लॉसियसने उत्तर दिले. रेणू धावतात खरे, पण त्यांना मोकळी वाट मिळत नाही. पावलापावलावर त्यांची दुसऱ्या रेणूंशी टक्कर होते आणि प्रत्येक टकरीसरशी त्यांची दिशा बदलते. जत्रेच्या गर्दीत धावू पाहणाऱ्या मुलासारखी त्यांची अवस्था होते.

हे उत्तर स्कॉटलंडमधील एका अठ्ठावीस वर्षांच्या प्राध्यापकाच्या वाचनात आले आणि त्याने या टकरींचे गणित मांडावयाचे ठरविले. त्याचे नाव जेम्स क्लार्क मॅक्सवेल.

मॅक्सवेलचा जन्म १३ जून १८३१ रोजी एडिंबरो शहरात झाला. ज्या घरात तो जन्मला त्याचा पत्ता १४, इंडिया स्ट्रीट असा आहे. हिंदुस्थानशी त्याचा जन्मभरात आलेला संबंध बहुधा एवढाच! त्याचे बालपण मात्र शहरात गेले नाही. ग्लेनलेअर येथे वडिलांची शेतीवाडी होती. तेथील ओढे, टेकड्या आणि गोठे यांच्या सान्निध्यात तो वाढला. दोन-अडीच वर्षांचा असल्यापासून त्याला एक खोड होती. कुलूप कसे लागते, नोकरांना बोलावण्याची घंटा कोणत्या तारेने वाजते, ओढ्याचे पाणी कोणत्या वाटेने येते, हे तो ज्याला त्याला विचारी. मोघम उत्तर मिळाले तर त्याचे समाधान होत नसे. नेमके कसे, हे कळेपर्यंत तो पिच्छा सोडीत नसे.

आठव्या वर्षी त्याची आई वारली. घरी शिकविण्यास ठेवलेला तरुण शिक्षक मारकुटा निघाला. अखेर दहाव्या वर्षी त्याला एडिंबरोतील शाळेत घालण्यात आले. पहिल्या दिवशी तो वडिलांनी स्वतः बेतलेला खेडवळ पोशाख व चौकोनी टोकांचे बूट घालून गेला. शहरी मुलांनी त्याची टर उडविली, कपडे फाडले आणि वेडपट अशा अर्थाचे एक टोपणनाव त्याला चिकटवून दिले. ते नाव बरीच वर्षे टिकले. शाळेत नव्या मुलाला असे नाव ठेवणाऱ्यांना आपण कोणाला काय म्हणत आहोत, याची क्वचितच कल्पना असते.

त्याच मुलाने वयाच्या चौदाव्या वर्षी टाचण्या व दोरा यांच्या साहाय्याने अंडाकृती वक्र काढण्याची एक नवी रीत शोधून काढली. तिच्यावरील निबंध १८४६ साली एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे वाचण्यात आला. एवढ्या मोठ्या विद्वत्सभेपुढे लहान मुलाने उभे राहणे प्रशस्त वाटले नाही, म्हणून तो एका प्राध्यापकांनी वाचून दाखविला.

पुढे एडिंबरो व केंब्रिज येथे त्याचे शिक्षण झाले. १८५४ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत तो दुसरा रँग्लर झाला. याच परीक्षेत पंचेचाळीस वर्षांनी, म्हणजे १८९९ साली, रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे पहिल्या क्रमांकाचे रँग्लर झाले. असा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्या परीक्षेची काठिण्यपातळी आपल्याकडे घरोघर ठाऊक झाली ती त्यांच्यामुळे.

१८५६ साली मॅक्सवेल अ‍ॅबर्डीन येथील कॉलेजात प्राध्यापक झाला. शनीची कडी कशाची बनली आहेत, हा प्रश्न केंब्रिजने पारितोषिकासाठी घातला होता. ती अखंड घन असतील तर मोडून पडतील, द्रवरूप असतील तरी टिकणार नाहीत. म्हणून ती असंख्य सुट्या तुकड्यांचीच असली पाहिजेत, असे त्याने गणिताने सिद्ध केले. १८५७ साली त्याला ते पारितोषिक मिळाले. मात्र एक गोष्ट त्याला साधली नव्हती. हे तुकडे एकमेकांवर आदळले म्हणजे काय होते, याचा नीट हिशेब मांडणे अशक्यप्राय आहे, असे त्याने कबूल केले होते. ज्यांची संख्या ठाऊक नाही, आकार ठाऊक नाही, अशा वस्तूंच्या टकरी मोजावयाच्या कशा?

वायूच्या रेणूंबाबत तीच अडचण दसपटीने मोठी होती. येथे मॅक्सवेलने एक निराळी युक्ती योजिली. एकेका रेणूचा मागोवा घेण्याचे त्याने सोडूनच दिले. एखाद्या मोठ्या शाळेच्या वार्षिक परीक्षेचा निकाल डोळ्यांपुढे आणा. अमुक विद्यार्थ्याला किती गुण पडतील हे सांगता येत नाही. परंतु फार थोड्यांना अगदी कमी गुण पडतील, फार थोड्यांना अगदी जास्त पडतील आणि बहुतेक मुले मधल्या गुणांची असतील, हे कोणीही शिक्षक सांगू शकतो. रेणूंचे वेगही तसेच वाटले गेलेले असले पाहिजेत, हे मॅक्सवेलने ओळखले आणि त्या वाटपाचा नियम त्याने गणिताने काढला. हवेच्या एका रेणूला एका सेकंदात ८,०७,७२,००,००० टकरी सोसाव्या लागतात, असा अंदाज त्याने १८६० साली छापला. आठशे सात कोटी बहात्तर लक्ष! आजच्या मोजमापांशीही हा आकडा बराच जुळतो.

येथवर त्याने रेणूंना गुळगुळीत, कठीण गोट्यांसारखे मानले होते. परंतु सगळे रेणू गोट्यांसारखेच असतील कशावरून? काही लांबट असतील, काही वेडेवाकडे असतील. मग टकरीचा परिणाम निराळा होईल. तो कसा, हे आपल्या अंगणातच पाहता येते. अगदी गुळगुळीत गोटीला दुसरी तशीच गोटी लागली, तर धक्का नेहमी तिच्या मध्याच्या रोखाने बसतो. ती पुढे जाते, पण त्या धक्क्याने स्वतःभोवती फिरत नाही. विटीचे तसे नाही. दांडूचा टोला विटीच्या टोकावर बसला की ती पुढे तर जातेच, शिवाय हवेत गरगर फिरत जाते. टोल्याची काही शक्ती धावण्यात जाते, काही गिरकी घेण्यात जाते. उलट, गरगरणारी विटी दुसऱ्या वस्तूवर आपटली, तर तिची गिरकी मंदावून ती दुसरी वस्तू धावू लागते. म्हणजे टकरीच्या वेळी गिरकीचे धावणे आणि धावण्याची गिरकी अशी दोन्ही बाजूंनी देवघेव होते.

सेकंदाला आठशे कोटी टकरी होत असताना ही देवघेव चालली, तर शेवटी कोणाच्या पदरात किती पडेल? मॅक्सवेलचे उत्तर असे निघाले की, दोघांची ऊर्जा समसमान होईल. रेणू तीन दिशांनी धावू शकतो: पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली. तसाच तो तीन आसांभोवती फिरू शकतो. वायूला दिलेल्या उष्णतेचे असे सहा सारखे वाटे होतील. तीन वाटे धावण्याचे, तीन फिरण्याचे.

हा निष्कर्ष प्रयोगाने पडताळून पाहता येत होता. मुलांनो, पुढील हिशेब सोपा आहे. पाटीवर करून पाहा. बंद भांड्यातील वायू तापविला, तर सगळी उष्णता या वाट्यांतच जाते. पण वायूला फुगण्यास वाव दिला, तर तो बाहेरच्या हवेला रेटतो आणि त्या कामासाठी आणखी दोन वाट्यांइतकी उष्णता खर्ची पडते. म्हणून एकूण वाट्यांत दोन मिळवावे आणि त्या बेरजेला वाट्यांच्या संख्येने भागावे. सहा वाटे असतील तर आठ भागिले सहा, म्हणजे १.३३३ हे गुणोत्तर आले पाहिजे. हवेतून ध्वनी किती वेगाने जातो, यावरून हेच गुणोत्तर प्रत्यक्ष काढता येत असे. ते १.४०८ भरत होते. म्हणजे वाटे सहा नसून जवळजवळ पाच होते.

फरक लहान दिसतो खरा. पण मोजमापाची चूक म्हणून तो सोडून देता येण्याजोगा नव्हता. अर्धवट वाटा असा काही प्रकार असू शकत नाही. टकरींचे गणित बरोबर असेल तर रेणूंविषयीची कल्पना चुकलेली असली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ होता.

१८६० हे साल मॅक्सवेलला एकंदरीत कठीणच गेले. अ‍ॅबर्डीन येथील दोन कॉलेजे एक करण्यात आली आणि त्यात त्याची जागा गेली. एडिंबरोत प्राध्यापकाची जागा रिकामी होती. ती त्याच्या शाळेतील मित्राला, पीटर टेट याला मिळाली. मॅक्सवेलचे विचार शब्दांच्या पुढे धावत आणि वर्गातील मुले मागे राहत, हे त्याच्या निवडीच्या आड आले असावे. मोठा शास्त्रज्ञ चांगला शिक्षक असतोच असे नाही. त्यातच त्याला देवी आल्या. त्याची पत्नी कॅथरिन हिने रात्रंदिवस शुश्रूषा केली म्हणून तो वाचला.

त्याच वर्षी ऑक्सफर्ड येथे शास्त्रज्ञांची मोठी सभा भरली होती. आपल्या सिद्धांतातून कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो, एवढेच सांगून मॅक्सवेलला खाली बसता आले असते. त्याचे नाव नुकतेच पुढे येत होते आणि गिरकीचा हा हिशेब कोणी त्याला विचारलाही नव्हता. तरीही त्याने तो आपण होऊन सभेपुढे मांडला आणि प्रयोगाशी तो जुळत नसल्यामुळे ही सारी कल्पनाच ढासळते, असे स्वच्छ सांगितले.

मग त्याने हे काम सोडले का? नाही. त्याच सिद्धांतातून दुसरे एक विलक्षण भाकीत निघत होते. वायूतून एखादी वस्तू हलू लागली की वायू तिला अडवितो. वायू विरळ केला, तर हा अडथळा कमी व्हावा असे कोणालाही वाटेल. मॅक्सवेलचे गणित सांगत होते की, तो कमी होणार नाही. रेणू निम्मे झाले तर प्रत्येकाला टकरीपूर्वी दुप्पट लांब धावता येते. जो तोटा होतो तो अशा रीतीने भरून निघतो. स्वतः मॅक्सवेललाही या उत्तराचे आश्चर्य वाटले होते.

लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्याला जागा मिळाली, तेव्हा त्याने राहत्या घराच्या माळ्यावरच हा प्रयोग मांडला. एका बंद भांड्यात तारेला काचेच्या तबकड्या टांगल्या होत्या. त्यांना पीळ देऊन सोडले म्हणजे त्या मागेपुढे फिरत आणि हळूहळू थांबत. किती वेळात थांबतात, यावरून वायूचा अडथळा मोजता येई. खोलीचे तापमान कायम राखणे हे सर्वांत जिकिरीचे काम होते. ते कॅथरिनने अंगावर घेतले. ती तासन्‌तास शेगडी पेटती ठेवी. १८६६ च्या फेब्रुवारीत मॅक्सवेलने निष्कर्ष जाहीर केले. भांड्यातील हवा पुष्कळ विरळ केली, तरी अडथळा जवळजवळ तेवढाच राहत होता. भाकीत खरे ठरले.

आता प्रकरण अधिकच चमत्कारिक झाले. एक भाकीत इतके अचूक उतरावे आणि दुसरे चुकावे, हे कसे? पहिल्या यशाच्या झाकणाखाली दुसरे अपयश लपविणे सोपे होते. मॅक्सवेलने ते कधी लपविले नाही. १८७५ साली लंडनमधील रसायनशास्त्रज्ञांपुढे बोलताना त्याने, रेणूंच्या सिद्धांतापुढील ही सर्वांत मोठी अडचण आहे, असे पुन्हा सांगितले.

या मधल्या काळात त्याने ज्या गोष्टी केल्या, त्या सांगावयाच्या तर निराळा पाठच लिहावा लागेल. लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाच्या मिश्रणातून रंगीत छायाचित्र कसे दिसते, हे त्याने १८६१ साली दाखविले. वीज व चुंबकत्व यांचे नियम एकत्र गुंफून, प्रकाश हीही विद्युत्-चुंबकीय लहरच आहे, असे त्याने गणिताने सांगितले. १८७१ साली त्याला केंब्रिजला बोलावण्यात आले. तेथील सुप्रसिद्ध कॅव्हेंडिश प्रयोगशाळा त्याच्याच देखरेखीखाली उभी राहून १८७४ साली सुरू झाली.

गिरकीचे कोडे थोडेसे सुटल्याचा भास १८७६ च्या सुमारास झाला. पाऱ्याच्या वाफेचे गुणोत्तर जर्मनीत मोजण्यात आले. ते पाच भागिले तीन, म्हणजे सुमारे १.६७ निघाले. पाऱ्याच्या वाफेत एकएकटे अणू असतात. त्यांना केवळ धावण्याचे तीन वाटे मिळतात. गोटीचा हिशेब तंतोतंत बरोबर आला. हवेबद्दल ऑस्ट्रियातील लुडविग बोल्ट्झमान याने एक सूचना केली. हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन यांचे रेणू दोन अणूंच्या जोडीचे, म्हणजे विटीसारखे लांबट आहेत, असे समजा. टोल्याने विटी आडवी-उभी गरगरेल. पण दोन तळव्यांत पेन्सिल फिरवितो तशी, स्वतःच्या लांबीभोवती गुळगुळीत विटी टोल्याने फिरू शकणार नाही. तेव्हा फिरण्याचे वाटे तीन नव्हेत, दोनच. धावण्याचे तीन धरून पाच झाले. सात भागिले पाच म्हणजे १.४!

मॅक्सवेलचे मात्र यानेही समाधान झाले नाही. तापलेल्या वायूच्या वर्णपटात कितीतरी रेषा दिसतात. त्याअर्थी रेणूंच्या आतही काहीतरी थरथरत असले पाहिजे. मग त्या थरथरीने आपला वाटा का मागू नये? तसे झाले तर वाटे पाचावर थांबणार नाहीत. आपले अज्ञान पुरतेपणी ओळखणे, हीच पुढील ज्ञानाची तयारी होय, अशी त्याची या बाबतीत धारणा होती. लहानपणी घंटेच्या तारेचा शेवट पाहिल्याशिवाय न राहणारा मुलगा अजून त्याच्यात होता.

उत्तर पाहण्यास तो उरला नाही. ज्या पोटाच्या कर्करोगाने त्याची आई गेली, तोच त्याला झाला. ५ नोव्हेंबर १८७९ रोजी केंब्रिज येथे त्याचे निधन झाले. तेव्हा तो अवघा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. ग्लेनलेअरजवळच्या पार्टन गावी त्याचे दफन झाले. पुढे नऊ वर्षांच्या आत हाइन्रिख हर्ट्झ याने विद्युत्-चुंबकीय लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखविल्या आणि मॅक्सवेलचे नाव सर्वतोमुखी झाले.

गिरकीच्या कोड्याचे उत्तर मिळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १९१२ साली ऑयकेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हायड्रोजन वायू थंड करीत नेला. शून्याखाली दोनशे अंश सेल्सिअसच्याही खाली गेल्यावर त्याच्या फिरण्याच्या वाट्यांचा हिशेबच नाहीसा झाला. तो पाऱ्याच्या वाफेप्रमाणे तीनच वाटे घेऊ लागला. याचे कारण असे. रेणूला हवी तेवढी लहानशी गिरकी घेता येत नाही. एक रुपयाहून कमी रक्कम न घेणारा दुकानदार असावा, तशी गिरकीची पहिली पायरी ठरलेली असते आणि धक्का तेवढा जोरदार असेल तरच रेणू ती चढतो. अतिशय थंडीत हायड्रोजनच्या रेणूंच्या टकरी इतक्या सौम्य होतात की, बहुतेकांना ही पहिली पायरीसुद्धा गाठता येत नाही. ते नुसते धावत राहतात. आपल्या अंगणातील हवेच्या रेणूंना गिरकीची पायरी फारच ठेंगणी असते, म्हणून ते सारे गरगरत असतात. आतील थरथरीची पायरी मात्र फार उंच असते. रोजच्या उन्हातान्हातील टकरी तेथवर पोहोचत नाहीत आणि तिचा वाटा हवेच्या हिशेबात जवळजवळ दिसतच नाही. मॅक्सवेलने जेथे बोट ठेवले होते, ती अडचण त्याच्या टकरींच्या गणितातील नव्हती. अणूंच्या जगाचे नियमच निराळे होते, आणि ते त्याच्या हयातीत कोणालाच ठाऊक नव्हते.